चार अंकी विषम

आमच्या पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका सम संख्यांवर खार खाऊन असलेला माणूस या पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. तुम्हाला वाटेल, आजी वाढवून सांगते आहे. उलट, जे लिहिलं तर तुमचा अजिबात विश्वास बसणार नाही ते गाळूनच मी लिहायला बसले आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर अनयानं मला विचारलं, चार अंकी विषम संख्या किती असतात, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सूत्र लावून साडेचार हजार म्हणून मोकळी झाली. उत्तर बरोबर होतं. मी मात्र त्यावर काहीच बोलले नाही, आणि आजीला गणित येत नाही अशी तुम्हा दोघा नातवंडांची समजूत झाली असणार. तसं नाही. साडेचार हजार म्हणजे किती, हे मला चांगलं ठाऊक आहे. ते एकेक करून डोळ्यांनी पाहायला निघालेल्या माणसाच्या शेजारी मी राहिले आहे.

ते मूळचे इथलेच, खाडीकाठच्या गावातले. सानपाड्याला आपली सोसायटी जिथं उभी आहे, तिथं एकेकाळी त्यांचं भातशेत होतं. शेतं नव्या शहरासाठी गेली, मोबदल्यात सरकारच्या साडेबारा टक्के योजनेतला प्लॉट हाती आला, त्यावर बिल्डरनं सात मजले चढवले आणि यांना फ्लॅट निवडायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचा जास्त हवेशीर होता, खिडकीतून खाडीची एक चिंचोळी पट्टीही दिसायची. बिल्डरनं परोपरीनं समजावलं. पण दोन आकड्याच्या मजल्यावर आपल्याला झोप लागणार नाही असं सांगून त्यांनी पहिला घेतला, आणि फाटकावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत तिथं वीस वर्षं सुखानं घोरले. त्यांची पत्नी मी पाहिली नाही. आम्ही राहायला येण्याआधीच ती गेली होती. एक लेक होती, ती लग्न होऊन उरणला. आमची ओळख झाली ती आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, या आमच्या एकमेव गुणामुळं.

नोकरी त्यांनी न्हावा शेवा बंदरात केली. जहाजावरून उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या कंटेनरांचे नंबर पाहून कागदावर खूण करायची, इतकंच काम, पण ते तीसेक वर्षं. जहाजावर वीस फुटी खोकी विषम नंबरच्या घरात बसतात आणि चाळीस फुटी सम नंबरच्या, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सम घर हे खरं घरच नव्हे, चाळीस फुटी धूड ठेवण्यासाठी दोन विषम घरं मोडून केलेली ती अडचण, असं त्यांचं मत होतं. सम संख्यांशी वैर तिथून सुरू झालं की त्याआधीच होतं, हे मला कधी नीट समजलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, भाताची रोपं लावतानासुद्धा त्यांच्या आईची मूठ पाच रोपांची असायची. आता रोपं कोण मोजत बसतं? पण त्यांनी मोजली होती.

लिफ्टमध्ये सम आकड्याचं बटण ते दाबत नसत. चौथ्या मजल्यावर सत्यनारायण असला की पाचव्यावर जाऊन जिन्यानं खाली उतरत आणि तीर्थ तीनदा घेत. चहात त्यांना तीन चमचे साखर लागायची. डॉक्टरांनी मधुमेहामुळं दोनावर या म्हणून सांगितलं, तर ते एकावर आले आणि डॉक्टर चकित झाले. तुमचे आजोबा मुद्दाम त्यांच्यापुढं बशीत दोन बिस्किटं ठेवत. ते एक खाऊन थांबत, नाहीतर शांतपणे तिसरं मागून घेत, पण दोन खाल्ल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. मासळी बाजारात त्यांच्यामागं उभं राहणं म्हणजे करमणूक होती. कोळणीनं वाट्यावर ओळखीखातर एक बोंबील वर घातला आणि आठ झाले की हे एक परत ठेवत. ती एकदा वैतागून म्हणाली, "आठवा फुकट देतंय तरी नको बोलतस. डोकं ठिकानावर हाय ना तुजं?" हे मान हलवून सात घेऊन निघाले, आणि वाटेत मला समजावलं की देवसुद्धा त्यांच्याच पार्टीतला आहे. गणपतीला दूर्वा एकवीस, मोदक एकवीस, लग्नात पावलं सात, पंचामृतात जिन्नस पाच. बावीस मोदकांचा नैवेद्य कुणी कधी ऐकला आहे का? मी इंग्रजी शाळेत शिकलेली, वादात सहसा हरत नाही, पण हा वाद मी हरले.

तुमच्या सूत्रात जे नऊ, दहा, दहा आणि पाच येतात, ते त्यांनी आम्हाला सोसायटीच्या वार्षिक सभेत शिकवले. कोरम भरायचा होता, माणसं जमत नव्हती, आणि यांना रिकामा वेळ सहन होत नसे. त्यांनी प्लास्टिकच्या चार खुर्च्या ओळीनं मांडल्या. शेवटच्या खुर्चीवर बसायचा हक्क फक्त पाच जणांना: एक, तीन, पाच, सात, नऊ. मधल्या दोन खुर्च्या सर्वांना मोकळ्या, शून्यापासून नवापर्यंत कुणीही बसावं, म्हणजे दहा आणि दहा. पहिल्या खुर्चीपाशी मात्र त्यांनी आमच्या अध्यक्षांना बोलावून बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं की हे शून्य आहेत असं धरा. मग त्यांना उठवलं. शून्य पुढं बसलं तर रांग तीनच खुर्च्यांची होते, मग त्याला बसवून उपयोग काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. म्हणून पहिल्या खुर्चीला नऊच उमेदवार. नऊ गुणिले दहा गुणिले दहा गुणिले पाच. उत्तर सगळ्यांना कळलं, पण अध्यक्ष असे फुगून बसले की पार्किंगचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

लेकीसाठी स्थळं येत तेव्हा ते मुलाला पगार विचारत नसत, दोन अंकी विषम संख्या किती ते विचारत. तळोज्याच्या कारखान्यातला एक देखणा इंजिनियर क्षणात पन्नास म्हणाला आणि पोहे संपायच्या आत नापास झाला, कारण त्यानं एक ते नऊमधले पाचही त्यात धरले होते. ज्याला एक अंकी आणि दोन अंकी यांतला फरक दिसत नाही त्याला बायकोची तब्येत काय दिसणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसरा मुलगा उरणचा, बंदरात कस्टमच्या कागदांची कामं करणारा. त्यानं जरा विचार केल्यासारखं करून पंचेचाळीस सांगितलं आणि लग्न ठरलं. पुढं कितीतरी वर्षांनी लेकीनं मला सांगितलं की तिनंच त्याला आदल्या दिवशी फोन करून उत्तर पढवलं होतं. वडिलांना हे कधीही सांगू नका, अशी शपथ तिनं मला घातली, आणि ती शपथ मी पाळली. हे मुद्दाम लिहिते आहे. मला गप्प राहता येत होतं, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोळ्यांची उपासमार सुरू झाली. तीस वर्षं नंबर वाचलेले डोळे, त्यांना घरात वाचायला गॅसच्या सिलिंडरपलीकडं काही उरलं नाही. मग ते सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. आपल्या समोरच्या रस्त्यानं बाजार समितीकडं जाणारे ट्रक जवळची वाट काढतात, रिक्षा, टेम्पो, गाड्या असतातच. गाड्यांच्या पाटीवर शेवटी चार आकडे. त्यांच्या मनात आलं, की चार अंकी विषम संख्या साडेचार हजार आहेत हे आपण आयुष्यभर लोकांना सांगत आलो, पण त्या सगळ्या पाहिल्या कुणी? आपण पाहायच्या. एक हजार एकपासून नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत, प्रत्येक.

याला त्यांचे नियम होते आणि ते बंदरातल्यासारखे कडक होते. शून्यानं सुरू होणारी पाटी चार अंकी धरायची नाही. फोटोतला, टीव्हीवरचा, कुणी सांगितलेला नंबर चालणार नाही. आकडा गाडीवर असला पाहिजे, गाडी आपणहून समोर आली पाहिजे, आणि तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. कंटेनर न बघता खूण केली तर जहाजावर चुकीचं खोकं चढतं आणि कुणाचं तरी सामान भलत्याच देशात जातं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

पहिलं वर्ष-दीड वर्ष ते दिसेल तो आकडा एका लांबट वहीत खालोखाल लिहीत गेले. ती वही मी पाहिली आणि मला रात्रीचं जेवण गोड लागेना. एखादा आकडा आधी आला आहे की नाही हे पाहायला पहिल्या पानापासून बोट फिरवत यावं लागे. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्या फडताळात डाळींच्या डब्यांनासुद्धा क्रम आहे. मी त्यांच्यासाठी नवी वही आखली. नव्वद पानं, दहापासून नव्याण्णवपर्यंत. पानाचा क्रमांक म्हणजे संख्येचे पहिले दोन अंक. प्रत्येक पानावर दहा ओळी तिसऱ्या अंकासाठी, आणि पाच रकाने शेवटच्या अंकासाठी. पानाला पन्नास चौकोन, सगळे मिळून साडेचार हजार. पट्टी घेऊन आखायला मला तीन आठवडे लागले. वही त्यांनी हातात घेतली. पहिलं पान उघडून चौकोनांवरून नुसता तळवा फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पाच पापलेटं आली.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ते वही घेऊन वर येत. आठवड्यात दिसलेले आकडे एका चिठ्ठीवर असत, ते वाचत आणि मी लाल पेन्सिलीनं चौकोनात खूण करत असे. आधी पानंच्या पानं भरत गेली, मग आठवड्याला दहा-बारा, मग महिन्याला दोन-तीन. एखादा अडलेला आकडा सापडला की ते जिन्यातूनच हाक मारत, "वयनी, सत्तावीस एकसष्ट गावला." तुमचे आजोबा त्यांना चिडवत, की आता लग्नाच्या पत्रिका वाटून टाका. सोसायटीत सगळ्यांना हे वेड माहीत झालं होतं. कुणी हसत, पण फाटकातून गाडी बाहेर काढताना काच खाली करून, काय काका, किती राहिले, असं विचारल्याशिवाय कुणी जात नसे.

अकरा उरले होते तेव्हा त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर घराबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. लेक येऊन राहिली. वही माझ्याकडं होती. त्याच आठवड्यात एका सकाळी मी वाशीहून भाजी घेऊन येत होते. आपल्या फाटकासमोर रस्त्याला एक कांद्याचा ट्रक अडकून उभा होता, ड्रायव्हर खाली उतरून रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता. मी पाटी वाचली. चौसष्ट त्र्याहत्तर. सहा हजार चारशे त्र्याहत्तर. उरलेले अकराही आकडे मला तोंडपाठ होते, त्यांतला हा एक. रिकाम्या खुर्चीपासून दहा पावलांवर तो ट्रक पाच मिनिटं उभा होता.

मी वर आले, वही काढली, चौसष्टावं पान उघडलं, आणि सातच्या ओळीतल्या तीनच्या चौकोनात लाल खूण केली.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑपरेशन नसतं तर ते त्या वेळी त्याच खुर्चीवर असते, आकडा त्यांचाच होता, मी फक्त उचलून जागेवर ठेवला, असं मी स्वतःला सांगितलं. रविवारी ते काळा चष्मा लावून वर आले आणि किती राहिले म्हणून विचारलं. मी दहा म्हटलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, आणि ऑपरेशनच्या गुंगीत आपलीच गणती चुकली असेल असं म्हणून हसले. त्यांनी आयुष्यात मोजण्यात एकही चूक केली नव्हती. माझ्या एका शब्दावर त्यांनी ती कबूल केली.

उरलेले दहा सापडायला वर्ष गेलं. शेवटचा एका शाळेच्या बसवर दिसला. त्या संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. पेढे होते, अर्थातच विषम. वही मधल्या टेबलावर ठेवली होती आणि लोक येऊन पानं उलटून पाहत होते. एरवी शून्यावरून फुगलेले अध्यक्षसुद्धा हार घेऊन आले. मग आमचे शेजारी उभे राहिले आणि त्यांनी छोटंसं भाषण केलं.

"साडेचार हजार. त्यात येक पन उसना नाय. समदे या दोन डोल्यांनी बगितलेले."

तुमचे आजोबा मागून म्हणाले, डोळे तर दोनच, म्हणजे सम. ते लगेच म्हणाले, "म्हनून तर एकाचं ऑपरेशन केलं." सगळे हसले. मी हसले नाही. ‘उसना नाय’ ऐकून मी टेबलावरची वही मिटून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन खाली गेले आणि त्यांना सांगितलं. मी का सांगितलं, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. लेकीच्या नवऱ्याचं पंचेचाळीस मी सहज पोटात ठेवलं होतं, मग एक लाल खूण का ठेवता येऊ नये? खरं कारण फार चांगलं नाही. वही मी आखली होती. तिच्यात एक खोटी खूण आहे हे मला सोसत नव्हतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हाला खोटं बोलू नये हे शिकवलं, पण खरं कुणासाठी बोलतो आहोत हे आधी पाहावं, हे शिकवायचं राहून गेलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ट्रक कुठं उभा होता, तोंड कुणीकडं होतं, कांद्याचा की बटाट्याचा, हे विचारलं. मी सांगितलं.

"मी नवतो तितं."

"नव्हता. पण तुम्ही आजारी होता म्हणून. नाहीतर तुम्हालाच दिसला असता."

"दिसला असता, ते खरं. पन दिसला नाय." मग वहीवर हात ठेवून म्हणाले, "मंग तो माजा नाय, वयनी."

त्यांनी खोडरबर आणलं आणि चौकोन स्वतः पुसला, कडेची रेघ पुसली जाऊ नये म्हणून अगदी बेतानं. माझ्यावर रागावले नाहीत. उलट, संध्याकाळी खुर्ची घेऊन फाटकाशी जाऊन बसले तेव्हा जरा खुशीतच दिसले. काम शिल्लक आहे, म्हणाले. आदल्या रात्री गच्चीवरून उतरल्यावर आता उद्यापासून काय करायचं, या विचारानं त्यांना झोप लागली नव्हती म्हणे. मला हायसं वाटलं. मी मनात म्हटलं, बघ, बरंच केलंस.

पण साडेचार हजारांतले वाट्टेल ते पाहणं वेगळं, आणि ठरलेला एकच पाहणं वेगळं. आधी प्रत्येक गाडी त्यांना काहीतरी द्यायची. आता प्रत्येक गाडी नाही म्हणून जायची. दोन-दोन तासांचे चार-चार तास झाले. दुपारी उन्हातही ते तिथंच दिसू लागले. मी सरबत पाठवलं तर पेला हातात धरून रस्त्याकडंच बघत बसत. अध्यक्षांनी नवी गाडी घेतली तेव्हा येऊन सांगितलं की आरटीओत पसंतीचा नंबर मिळतो, मी चौसष्ट त्र्याहत्तरच घेतो, तुमच्यासमोरून रोज जाईन. मला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. पण यांनी हात जोडून नको म्हटलं. बोलावून आणलेला आकडा नियमात बसत नव्हता.

दरम्यान डोळ्यांचं काय चाललं होतं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही. मोतीबिंदू निघाला म्हणजे डोळे नवे झाले असंच सगळ्यांनी धरलं होतं. ते पाटीकडं पाहताना मान वळवायला लागले, मग खुर्ची पुढं सरकली, मग आणखी पुढं. गाडी निघून गेल्यावर वॉचमनला, शेवटी तीन होता का आठ, असं विचारताना मी त्यांना एकदा ऐकलं. ज्यानं तीस वर्षं क्रेनला लटकलेल्या खोक्याचा नंबर धावता वाचला, तो माणूस तीन आणि आठ वॉचमनला विचारत होता. मी लेकीला फोन केला. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही, असं स्पष्ट सांगितलं. आधी यायला हवं होतं, असंही म्हणाले. मी मनातल्या मनात मागं मोजत गेले. ज्या महिन्यांत त्यांनी डॉक्टरकडं जायला हवं होतं, ते सगळे महिने ते फाटकावर होते. औषधाला जायचं म्हणजे सकाळ बुडते, आणि नेमका तेव्हाच तो ट्रक जायचा, अशी त्यांना भीती. एकदा तसं झालंच होतं ना. ते मीच त्यांना सांगितलं होतं.

लेक त्यांना उरणला घेऊन गेली. जाताना वही त्यांनी माझ्याकडं ठेवली.

पहिले दोन-तीन महिने मी तिकडं जायचं टाळलं. गेल्या महिन्यात त्यांनी लेकीकरवी निरोप पाठवला की वही घेऊन या. मी गेले. ते ओटीवर बसले होते, सदरा इस्त्रीचा, चेहरा रस्त्याकडं. समोरून बंदराचे ट्रेलर धडधडत जात होते आणि ते मान वळवत नव्हते. लेकीनं चहा आणला, तो अर्ध्या चमच्याचा होता. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला. मी बोलायला सुरुवात केली, की माझंच चुकलं, मी आधी ती खूण करायला नको होती, किंवा केली तर नंतर सांगायला नको होतं. त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही.

"चौसष्टावं पान काडा."

मी काढलं. सातची ओळ आणि तीनचं घर त्यांनी दाखवायला सांगितलं, तेव्हा मी त्यांचं बोट धरून चौकोनावर ठेवलं. ते खडबडीत बोट चौकोनाहून मोठं होतं.

"रिकामं हाय ना?"

"हो."

"खूण करा."

मी म्हटलं, कशी करू, तुमचाच नियम आहे, तुम्ही पाहिलेला नाही.

"माजी कोन बोलतंय? तुमची करा. तुमी बगितला ना, तुमच्या डोल्यांनी? गाडी आपून आलती ना?" मग जरा हसून म्हणाले, "माजे चार हजार चारशे नव्यान्नव. तुमचा येक. साडेचार हजार म्हंजे सम झाला असता, वयनी. आता माजा पन आकडा विषम, तुमचा पन."

माझं समाधान व्हावं म्हणून ते तसं म्हणाले, हे मला कळत होतं. मला ते कळतं आहे, हे त्यांनाही कळलं असणार. लेक आत निघून गेली. निघताना त्यांनी विचारलं की ट्रकवर आकडे पांढऱ्या रंगात होते की पिवळ्या पाटीवर काळे, आणि मी जेवढं आठवलं तेवढं सगळं सांगितलं, कांद्याच्या गोणींच्या फाटक्या तोंडांसकट. ते डोळे मिटून ऐकत होते.

घरी आल्यावर मी लाल पेन्सिल घेतली नाही. निळ्या शाईच्या पेनानं त्या चौकोनात एक लहानशी खूण केली. पुसल्याजागी कागद जरा विरला होता, म्हणून शाई थोडी पसरली. वही आता माझ्या कपाटात असते. तुम्ही दोघं आलात की दाखवीन. नव्वद पानांत ती एकटीच निळी आहे. मी कधी वही काढून बसले तर लाल खुणांची पानं भराभर उलटत जाते, आणि तिथं आले की पान उलटायचं राहून जातं.